तांडेल विमान वाळूला लावतो

तांडेलाचं विमान सड्यावर टेकलं की खालच्या वाडीतल्या बायका उतरंडीला हात देऊन उभ्या राहत, असं रत्नागिरीत सांगत असत. यात तिखटमीठ किती आणि खरं किती, ते मला ठाऊक नाही. पण त्या आवाजासरशी दगडी गडग्यावर बसलेल्या एका गृहस्थांनी पेटती विडी उलटी तोंडात घातलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. आपटत आम्ही सगळेच होतो. शिकाऊ माणसाचं विमान आपटायचंच. चालायला लागलेलं पोर पडल्याशिवाय राहतं का? पण आम्ही आपटायचो ते घाबरून, चुकून. तांडेल आपटायचा तो ठरवून, पुऱ्या खात्रीने, आणि विमान दोनतीनदा उसळून एकदाचं थांबलं की त्याच्या चेहऱ्यावर काम चोख पार पाडल्याचं समाधान असायचं.

ही गोष्ट सन तीसच्या पुढच्या काही वर्षांतली. तेव्हा रत्नागिरीत साधी मोटार आली तरी पोरं मागे धावायची, तिथे विमानाचं काय सांगावं. गावातले एक शेठ कौलांच्या आणि आंब्यांच्या व्यापारात वर आलेले. मुंबईला एकदा विमानात बसून आले आणि झपाटलेच. शिकवणीची दोन जुनी विमानं त्यांनी बोटीने आणवली, गावावरच्या कातळाच्या सड्यावरचे धोंडे वेचून घेतले, गवत जाळलं आणि दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत चालणारा विमान शिकवण्याचा वर्ग काढला. पैसा चावायला लागला की माणूस असं करतो, हे गावाचं मत पडलं. विमानं लाकडाची आणि कापडाची, दोन उघड्या बैठकांची. पुढे शिकवणारा, मागे शिकणारा, आणि दोघांना बोलायला मध्ये एक रबरी नळी.

शेठची एक लाडकी कल्पना होती. ज्याला वारा कळतो त्याला विमान कळायला वेळ लागत नाही, असं ते दिसेल त्याला थांबवून सांगत. वर्गातले आम्ही बाकीचे सगळे वकील-डॉक्टरांचे चिरंजीव. आम्हाला वारा कळायचा तो खिडकी उघडी ठेवावी की लावावी इतपतच. म्हणून शेठ स्वतः दाभोळला गेले आणि तिथल्या एका गलबतवाल्याचा एकुलता एक मुलगा घेऊन आले. त्याचं नाव दत्ताराम. पण पहिल्या दिवशी आम्हाला शिकवणाऱ्या कॅप्टनसाहेबांनी त्याला काय काम करतोस म्हणून विचारलं, आणि बापाच्या गलबतावर सुकाणू धरतो असं त्याने सांगितलं. त्या दिवसापासून तो तांडेल झाला. दत्ताराम ही हाक त्याला पुन्हा कोणी मारल्याचं मला आठवत नाही.

तो बुटका, रुंद आणि काळाभोर होता. सपाट जमिनीवरसुद्धा तो पाय फाकवून चाले. जमिनीचा काय भरवसा, कधी कलेल, असा त्याचा एकूण आविर्भाव. कॅप्टनसाहेबांनी त्याला बूट दिले. ते घालून तो एकदा वर गेला आणि खाली आल्यावर त्याने ते काढून नाड्या एकमेकींना बांधून गळ्यात अडकवले. विमानात पायांखाली एक आडवी पट्टी असते, तिने विमान डावं-उजवं वळतं. बुटातून ती पट्टी काय म्हणते ते ऐकू येत नाही, अशी त्याची तक्रार होती. तेव्हापासून तो अनवाणीच विमान चालवी. बूट मात्र रोज गळ्यात घालून येई, कारण साहेबांनी दिलेली वस्तू घरी ठेवणं त्याला बरं दिसत नव्हतं.

वाऱ्याच्या बाबतीत शेठ म्हणाले ते शंभर टक्के खरं निघालं. सड्यावर वाऱ्याची दिशा कळावी म्हणून खांबाला एक कापडी पिशवी बांधलेली होती. आम्ही तिच्याकडे पाहायचो, तांडेल पाहायचा नाही. सकाळचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, तो कधी दमणार आणि समुद्रावरचा वारा कधी उठणार, हे तो गाल वळवून सांगे. पिशवी उशिरा सांगते, असं त्याचं म्हणणं. वर गेल्यावर तर त्याला पाहत राहावं. आमची विमानं वर डुचमळत, शेपूट हलवत फिरत. त्याचं विमान तांब्यातलं पाणी हिंदकळणार नाही असं चाले. कॅप्टनसाहेब खुशीत येत. ती खुशी विमान खाली येईपर्यंत टिके.

कॅप्टनसाहेब साताऱ्याकडचे, फौजेत राहिलेले आणि पुढे विलायतेत विमान शिकून आलेले. आवाज दणदणीत, पण दात सगळे बसवलेले. आम्हा शिकाऊ मंडळींच्या हादऱ्यांनी ती कवळी निखळे, म्हणून विमान उतरायच्या वेळी ते ती काढून रुमालात बांधून खिशात ठेवत. आपली पायरी आम्ही त्यावरून ओळखायचो. अगदी जमिनीजवळ येऊन त्यांनी कवळी काढली, तर आपली बरी प्रगती आहे. तांडेलाच्या वेळी ते ती उडण्याआधीच काढून घेत. त्यामुळे तांडेलाला त्यांनी नळीतून दिलेल्या शिव्या त्याला नीट कळल्या असतील की नाही, याची मला शंका आहे.

उतरण्याचं शास्त्र साधं आहे, म्हणजे सांगायला साधं. जमीन हातभर खाली राहिली की समोरचा दांडा हळूहळू मागे घ्यायचा आणि विमानाला जमिनीवर टेकू द्यायचं नाही. ते टेकू पाहतं, आपण धरून ठेवायचं. असं करता करता ते दमतं आणि आपलं आपण बसतं. कॅप्टनसाहेब नळीतून सारखे ओरडत, "धर, धर, अजून धर." आम्ही कधी लवकर धरायचो, कधी उशिरा. तांडेल छान धरून यायचा, जमिनीच्या अगदी वर क्षणभर कशाची तरी वाट पाहायचा, आणि मग एकदम मनाचा हिय्या करून विमान खाली घालायचा. खाली कातळ, तो काही दबणार नाही. चाकांचे आरे वाकत, रबर तुटत, कॅप्टनसाहेब कंबर धरून उतरत. तांडेल मागून शांतपणे म्हणे, "लागलं बगा."

असं का करतोस म्हणून मी त्याला एकदा विचारलं. तो माझ्याकडे कीव आल्यासारखा पाहत राहिला. "जमीन हाय ती," तो म्हणाला. "आपण आलो ते तिला कळाया नको?"

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण त्याच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट पणाला लागलेली होती. त्याच्या वडिलांना सारं दाभोळ आबा म्हणे. आबांचं गलबत मलबारापासून मुंबईपर्यंत कौलं, मीठ, लाकूड वाहायचं. आता त्यांचे गुडघे गेले होते, नजर मंदावली होती, आणि पोरगा वाशिष्ठीच्या खाडीतून गलबत बाहेर काढायचं सोडून सड्यावर पाखरासारखा फिरत होता. बापलेकांनी एक करार केला होता. पावसाळ्याच्या तोंडाशी गलबतं ओढून किनाऱ्यावर घेतात आणि माडाच्या झापांनी शाकारतात. तोवर पोराने परीक्षकासमोर एकट्याने विमान नेऊन, उतरवून, पास होऊन दाखवायचं. झाला पास तर तो मोकळा. नाही झाला तर नारळी पौर्णिमेला गलबत पाण्यात जाईल तेव्हा सुकाणू त्याच्या हाती, आणि पुन्हा विमानाचं नाव काढायचं नाही.

आबांनी हा करार केला तो पोराच्या आपटण्यावर भिस्त ठेवून, यात मला संशय नाही. दाभोळचा कोणीही माणूस रत्नागिरीला बाजाराला आला की परत गेल्यावर आबा त्याला पहिली तीच बातमी विचारत. आपटतोय अजून, असं कळलं की त्यांना बरं वाटे. "आपटू दे," ते म्हणत. "आपटून आपटून घरला येल." हा निरोप न चुकता तांडेलापर्यंत पोचे आणि तो हसून सोडून देई. पण अशा दिवशी तो जेवायचा कमी, हे मी पाहिलं होतं.

विमानाचं एवढं वेड त्याला का, हे त्याने एकदाच सांगितलं. आम्ही विमानाच्या पंखाखाली सावलीला पडलो होतो. तो म्हणाला की वारा पडला की गलबत समुद्रावर नुसतं उभं राहतं. किनारा समोर दिसतो, माडसुद्धा मोजता येतात, पण जाता येत नाही. त्याची आई गेली तेव्हा बापलेकांना घेऊन ते गलबत असंच दाभोळच्या समोर शीड टाकून उभं होतं. "ह्या यंत्राला वाऱ्याची वाट बगाय लागत नाय," तो म्हणाला आणि कूस बदलून झोपला. मी त्यानंतर त्याच्या आपटण्याची टिंगल थोडी कमी केली. अगदी बंद केली असं मात्र म्हणवत नाही.

दिवस जात होते आणि तांडेलाचं उतरणं काही सुधारत नव्हतं. शेठ आपली कल्पना आता कमी लोकांना सांगू लागले होते. अशात शिमग्याच्या सुट्टीत तांडेलाने कॅप्टनसाहेबांना आणि मला मांडवी बंदरावरून होडीतून समुद्र दाखवायचं ठरवलं. कॅप्टनसाहेब घाटावरचे, आकाशात निधड्या छातीने फिरणारा हा माणूस होडीत मात्र दोन्ही काठ घट्ट धरून बसला होता. जाणं ठीक झालं. परत येताना तांडेलाने होडी लाटा फुटतात त्याच्या बाहेर उभी केली. मान वळवून तो मागे पाहत राहिला. एक लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली. मग एक मोठी आली, तिने होडी उचलली, आणि त्याने वल्ही अशी मारली की होडी सणसणत जाऊन वाळूवर आदळली. कॅप्टनसाहेबांची कवळी त्यांच्या मांडीवर पडली. होडीत बसताना ती काढावी हे त्यांना सुचलं नव्हतं. तांडेल खाली उडी मारून म्हणाला, "लागलं बगा."

मी हसत उतरलो. कॅप्टनसाहेब उतरले नाहीत. ते कवळी हातात धरून तसेच बसून राहिले आणि तांडेलाकडे पाहू लागले. मग त्यांनी दात बसवले आणि इतक्या जोरात का घातलीस म्हणून विचारलं. तांडेलाला प्रश्नच कळेना. होडी हळू लावली तर मागची लाट तिला ओढून नेते, आडवी करते, माणसं पाण्यात जातात, हे काय सांगायला हवं? किनाऱ्याला लागायचं तर मनात आणून लागायचं. चालता यायला लागल्यावर आबांनी त्याला शिकवलेली ती पहिली गोष्ट होती.

"मर्दा," कॅप्टनसाहेब म्हणाले, "पण सड्यावर मागची लाट कुठली?"

तांडेल गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याने फुटणाऱ्या लाटांकडे पाहिलं, मग वर सड्याकडे पाहिलं. "हां," तो म्हणाला. "तिथं लाट नाय."

तोपर्यंत तो कातळाच्या हातभर वर लाटेची वाट पाहत होता आणि वाऱ्याने जरा उचल खाल्ली की ती लाट समजून विमान वाळूला लावत होता. हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

रोग कळला म्हणून बरा होतो असं नाही. डोक्याला पटलं तरी हात ऐकेनात. उलट आता तो विचार करून आपटू लागला, ते आणखी वाईट. परीक्षक मुंबईहून यायची वेळ जवळ आली. पण कॅप्टनसाहेबांचं एक होतं. शिष्याजवळ बसून शिकायची त्यांना लाज नव्हती. ते तांडेलाला घेऊन सड्याच्या कडेला बसत आणि गलबताविषयी विचारत राहत. गलबत कधीच हळू लावत नाहीत काय, असं त्यांनी एकदा विचारलं. तांडेल म्हणाला, लावतात की. कौलं भरलेली असली आणि धक्क्याला लावायचं असलं की हळूच लावतात. शीड आधीच उतरवायचं, गलबताला अंगचा जोर जिरवू द्यायचा, मग ते आपलं आपण धक्क्याकडे येतं. अशा वेळी धक्का आणि गलबत यांच्यात अंडं ठेवलं तरी फुटता कामा नये, नाहीतर आत कौलांचा चुरा होतो आणि व्यापारी शिव्या घालतो.

कॅप्टनसाहेब उठले आणि कपडे झटकत म्हणाले, "उद्यापासून विमानात कौलं भरलेली आहेत."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नळीतून "धर, धर" म्हणणं सोडलं. ते फक्त "कौलं" म्हणत. विमान खाली येताना दिसलं की गडग्यावर बसलेले आम्हीही "कौलं, कौलं" म्हणून ओरडू लागलो. लांबून येणाऱ्या माणसाला वाटावं, इथे कौलांचा लिलाव चालला आहे. पहिल्या दिवशी कौलं फुटली. दुसऱ्या दिवशीही फुटली, पण थोडी कमी. मग एका सकाळी विमान आलं, आम्ही ओरडलो, आणि आवाजच आला नाही. विमान गवताच्या करपलेल्या खुंटांवरून धावत जाऊन थांबलं. कॅप्टनसाहेब खिशात कवळी शोधत होते; ती तोंडातच राहिली होती. मागून तांडेलाचं डोकं वर आलं. त्याचा चेहरा साफ पडलेला होता.

"लागलं काय?" त्याने आम्हाला विचारलं.

परीक्षेच्या दिवशी सड्यावर जत्रा जमली. मुंबईचे परीक्षक साहेब बोटीने आले होते. बोट लागल्यामुळे त्यांचा चेहरा हिरवा आणि स्वभाव कडू झाला होता. आणि सकाळीच आबा आले. दाभोळहून ते कसे आले, सड्याची चढण त्या गुडघ्यांनी कशी चढले, देव जाणे. पांढरं धोतर, डोक्याला तांबडं मुंडासं, हातात काठी. शेठनी खुर्ची मांडली तिच्यावर ते बसले नाहीत. गडग्याच्या एका टोकाला, लोकांपासून लांब बसले. तांडेलाने त्यांना वाकून नमस्कार केला आणि मला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, की आबांना दिसत नाही नीट, तू त्यांच्याजवळ बस.

मी जाऊन बसलो. तांडेल गळ्यातले बूट काढून खांबाला अडकवून एकटाच विमानात चढला. परीक्षा अशी होती की वर जाऊन दोन खुणांभोवती वळसे घ्यायचे, मग उंचावर यंत्र बंद करायचं आणि नुसतं तरंगत येऊन चुन्याने आखलेल्या गोलात विमान थांबवायचं. वळसे झाले. आबा वर पाहतच नव्हते. तांडेल करायचा तसा गाल वळवून ते वारा घेत होते. मग वरचा आवाज थांबला आणि सगळा सडा गप्प झाला. कौलं म्हणून ओरडायचं कोणाला धाडस झालं नाही.

"वारा पडतोय," आबा म्हणाले. "आता थांबून ऱ्हायला तर फसला."

तो थांबला नाही. विमान तारांमधून शीळ घालत आमच्या समोरून गेलं, इतकं खाली की गवत हललं. आबांच्या दोन्ही मुठी काठीवर आवळलेल्या होत्या. ते आवाजाची वाट पाहत होते. माझी स्थिती त्यांच्याहून वाईट होती, कारण मला दिसत होतं. विमान जमिनीच्या वर आलं, जोर जिरवत आलं, आणखी थोडं आलं, आणि कधी टेकलं ते मलाही सांगता आलं नसतं. ते चुन्याच्या गोलात उभं राहिलं तेव्हा लोकांनी एकच गिल्ला केला.

"लागलं?" आबांनी मला विचारलं.

"लागलं, आबा."

त्यांनी काठीवरच्या मुठी सैल केल्या. मग म्हणाले, "कौलं भरलेली असल्यावर लावतात, तसं लावलं ना?"

मी हो म्हटलं. तो प्रकार त्यांना कोणी सांगितलेला नव्हता. त्यांनी तो न झालेल्या आवाजावरून ओळखला होता.

"ते मी शिकवलंय त्याला," आबा म्हणाले. पोरगा हातचा गेला तो आपल्याच शिकवणीने, हे त्या क्षणी त्यांना कळलं आणि मला त्यांच्याकडे पाहवेना.

शेठनी जेवणाचा बेत केला होता. आबा थांबले नाहीत. परीक्षक साहेबांनी पास केल्याचं जाहीर केल्यावर ते तांडेलाजवळ गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "माझा शब्द मी पाळला. तू जा." आणि काठी टेकत चढण उतरू लागले. ज्यासाठी सहा महिने हाडं खिळखिळी करून घेतली ते हाती आलेलं, गळ्यात शेठनी घातलेला हार, आणि तांडेल तिथे उभा राहून त्या तांबड्या मुंडाशाकडे पाहत होता. मग हार कॅप्टनसाहेबांच्या हातात देऊन तो धावत खाली गेला. जेवायला आला नाही. त्या दिवशी तो बापाबरोबर दाभोळला गेला, गलबत ओढून वर घेतलं, स्वतः झापं घालून शाकारलं, आणि पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीत बसून मुंबईला पुढचं शिक्षण घ्यायला निघून गेला. मांडवीला पोचवायला मी आणि कॅप्टनसाहेब गेलो होतो. बोटीवर नेणाऱ्या पडावात तो उभाच राहिला, पाय फाकवून, बूट गळ्यात.

शेठचा वर्ग आणखी एक हंगाम चालला आणि बंद झाला. मीही पास झालो होतो, पण वडिलांनी मला वकिलीत घातलं. माझं विमान रत्नागिरीच्या कोर्टात उतरलं ते पुन्हा उडालं नाही. तांडेल मात्र चांगला वर चढला. काही वर्षांनी मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली त्रावणकोरकडे टपाल नेणारी विमानं सुरू झाली. पावसाळा संपला की ती सुरू होत, आणि त्यांतलं एक विमान तांडेल चालवी. रत्नागिरीवरून ते गेलं की मी अशिलाला थांबवून बाहेर येऊन पाहायचो. एवढा अधिकार मला होता.

एका कामासाठी दिवाळीनंतर मी दाभोळला गेलो. बंदरातली सगळी गलबतं केव्हाच पाण्यात गेली होती. एकच किनाऱ्यावर होतं, झापांखाली, आणि त्याच्या सावलीत आबा दोर वळत बसले होते. तांडेलाने वर ओढून घेतल्यापासून गलबत पाण्यात उतरलंच नव्हतं. गलबत सांभाळील असा एक पुतण्या होता, तोही मुंबईला गिरणीत लागला होता, आणि परक्याच्या हाती सुकाणू द्यायला आबांचं मन घेत नव्हतं. दर पावसाळ्याआधी आबा त्याला मेण लावत, तेल पाजत, झापं बदलत. मी काही बोलणार, तोच लांबून विमानाचा आवाज आला. आबा दोर टाकून उठले आणि एक हात गुडघ्यावर दाबत झापांखाली पळाले. मलाही त्यांनी हाताने आत ओढलं.

"भायेर ऱ्हावू नको," ते म्हणाले. "गलबतं काय, वरून सगळी सारखीच दिसत असतील. पन मला वळखील तो."

विमान डोक्यावरून गेलं. आबांना धाप लागली होती. ती बसल्यावर त्यांनी मला काम सांगितलं. मुंबईला तांडेल भेटला तर त्याला सांगायचं, की गलबत पुतण्याने चालवायला घेतलं आहे, मलबारात गेलं आहे, धंदा बरा चालला आहे. "किनाऱ्यावर हाय म्हनू नको," ते म्हणाले. "त्याला कळलं तर तो परत येल."

पुढे मुंबईला आमची भेट झाली. तांडेल जाडा झाला होता आणि पायांत बूट होते. मी वकील माणूस, आबांची साक्ष पढवल्याप्रमाणे दिली. वर दोन तपशील माझ्या पदरचे घातले. कौलं भरून गेलंय म्हणालो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "झापं नवी घातलीत यंदा. वरून पिवळी दिसतात."

माझी साक्ष तिथेच फुटली.

"आवाज आला की आबा आत पळतात," तो म्हणाला. "त्यांचे गुडघे नाय रे पळायचे. म्हणून हल्ली दाभोळ जवळ आलं की मी लांब समुद्रावरून जातो. तिथून काय दिसत नाय. पण त्यांना उठाया लागत नाय."

पुन्हा दाभोळला गेलो तेव्हा आबांनी निरोप पोचवलास काय म्हणून विचारलं. पोचवला, म्हटलं. त्याला खरं वाटलं काय? वाटलं, म्हटलं. आबा दोर वळता वळता समाधानाने हसले.

"इमान आता लांबनं जातं," ते म्हणाले. "बरंच झालं. त्याला काय दिसत नसंल."

"नाही दिसत, आबा," मी म्हणालो.